मोसंबी, लिंबू आणि मुरगळलेला पाय

हर्षद परबने आयुष्यात कधी कॉकटेल बनवलं नव्हतं. बियरची बाटली उघडणं एवढीच त्याची त्या खात्यातली मजल, आणि तीसुद्धा बऱ्याचदा फसफसून शर्टावर यायची. पण घाटकोपरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मधुवंती सहज म्हणाली, "गोव्यात मैत्रिणीच्या लग्नात मोसंबी-लिंबाचं एक कॉकटेल प्यायले होते. मस्त होतं. इकडे सगळे नुसता साखरेचा पाक देतात," आणि याच्या तोंडून निघून गेलं, "मोसंबीचं ना? मी घरी नेहमी बनवतो. झकास होतं."

त्या वेळी त्याचे वडील दत्ताराम भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढत होते. त्यांचा उजवा खांदा आखडला होता आणि हा व्यायाम मधुवंतीनेच दिला होता. मुलाचं वाक्य ऐकून त्यांची बोटं अर्ध्या भिंतीवर थबकली. पण त्यांनी मुलाची थाप उघडी पाडली नाही. हर्षद पस्तिशीला आला होता, साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये मशीनचे प्रोग्रॅम लिहायचा, आणि मुलीशी बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. आज ते उघडलं होतं. थाप मारायला का होईना, उघडलं होतं.

"मग बोलवा एकदा," मधुवंती हसत म्हणाली.

"ये ना," दत्ताराम भिंतीलाच म्हणाले. "खांदा सुटला की रविवारी ये घरी. मी सुरमई तळतो. आणि हा ते बनवील. ते... नेहमीचं."

खांदा यथावकाश सुटला. शेवटच्या दिवशी मधुवंतीने त्यांचा हात वर करून पाहिला, दुखणाऱ्या जागी नेमकं बोट दाबलं, दत्ताराम ओरडले नाहीत, तेव्हा ती म्हणाली, "काका, झालं तुमचं. आता पार्टी." आणि रविवार ठरला.

हर्षदची आई, रुक्मिणी, तेव्हा कुडाळला माहेरी गेली होती. जाताना तिने विक्रोळीच्या त्या कन्नमवार नगरातल्या छोट्या घरातला फ्रीजर माशांनी असा ठासून भरला होता की दार लावायला गुडघा लावावा लागे. सुरमई, बांगडे, कोळंबी. "तुमी दोघा उपाशी रवशात," असं तिचं म्हणणं.

रविवारी सकाळीच हर्षदने वाइन शॉपमधून जिनची बाटली आणली. दुकानदाराने "कुठली?" विचारलं तेव्हा त्याने "चांगली" असं उत्तर दिलं होतं. स्टेशनजवळच्या मार्केटातून मोसंबी, लिंबं आणि सोडा आणला. मग मोबाईल ओट्यावर उभा करून त्याने एका दाढीवाल्याचा व्हिडिओ लावला. दाढीवाला फार काही मागत नव्हता. जिन, मोसंबीचा रस, थोडं लिंबू, साखरेचा पाक, चिमूटभर मीठ, भरपूर बर्फ. सगळं बंद भांड्यात हलवायचं, गाळायचं, वरून सोडा.

"एवढंच?" दत्ताराम मागून डोकावत म्हणाले. रविवारी दुपारी रमचा एक पेग पाण्यातून घेणं हा त्यांचा जुना रिवाज. "याला काय अक्कल लागते? आणि लिंबू दारूत कशाला? लिंबू माशावर."

"बाबा, तू सुरमई बघ. मला काम करू दे."

माप म्हणून त्याने खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं. बंद भांडं म्हणून आईचा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा. वर्कशॉपमध्ये एका केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो, त्यामुळे माप घेताना तो डोळा झाकणाच्या रेषेला लावून, श्वास रोखून उभा राहत होता. ऐन वेळी धावपळ नको म्हणून त्याने सगळ्याच्या सगळ्या मोसंब्या दुपारीच पिळल्या आणि रस बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला. स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला.

चारच्या सुमारास त्याने रंगीत तालीम म्हणून एक ग्लास बनवला. डबा हलवला, गाळला, सोडा ओतला. रंग सुंदर आला होता. त्याने घोट घेतला आणि त्याचा चेहरा आक्रसला.

"काय झालं?"

हर्षदने ग्लास पुढे केला. दत्तारामांनी एक घोट घेतला, जीभ टाळूवर फिरवली, पुन्हा एक घेतला.

"कडू जहर झालाय तुझा रस," ते म्हणाले. "मोसंबी पिळून ठेवतात का कधी? पिळली की प्यायची. आणि दुसरी गोष्ट. याला सुरमईचा वास मारतोय."

"सुरमईचा?"

"बर्फाला. आईने बर्फाच्या ट्रेवर काय ठेवलंय बघ. एका अर्थी बरंच आहे म्हणा. वेगळा चखणा नको, आतच आहे."

हर्षदने फ्रीजर उघडला. बर्फाच्या ट्रेवर सुरमईच्या तुकड्यांची पिशवी पसरली होती आणि तिला एक बारीक भोक होतं. त्याच क्षणी रुक्मिणीचा फोन आला.

"हर्षद, मासे खाल्लास काय रे? सगळे एकदम भायर काढू नको हां, खराब जातले."

"नाही गं आई, आतच आहेत," हर्षद म्हणाला. ओट्यावरच्या ताटात अर्धा फ्रीजर पसरला होता.

"वाट लागली," फोन ठेवून तो म्हणाला. "बाबा, ती तासाभरात येईल. मोसंबी पुन्हा आणतो मी. पण बर्फ? आता बर्फ कुठून आणू?"

"वर भाऊरावकडे असेल."

दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

भाऊराव म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. दत्ताराम आणि ते एकाच वर्षी या बिल्डिंगमध्ये राहायला आले, पोरं एकत्र वाढवली, एकमेकांच्या घरची आजारपणं काढली. भाऊराव मूळचे बीडकडचे, तरुणपणी तालमीत घुमलेले, मग बस डेपोत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांचा धाकटा भाऊ दारूने गेला होता. तेव्हापासून त्यांच्यासमोर कोणी बाटली काढत नसे. ते स्वतः कधी कोणाला काही बोलले नव्हते. पण रविवारी जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की दत्ताराम रमचा ग्लास मिक्सरच्या मागे ढकलायचे आणि तोंडात वेलची टाकायचे.

"त्याला काय सांगशील, बर्फ कशाला हवाय?" दत्ताराम म्हणाले.

"सरबताला?"

"सरबत म्हटलं की तो पण प्यायला येईल."

हर्षदने विचार केला. फार नाही केला, तिथेच चुकलं. त्याने भाऊरावांना फोन लावला आणि म्हणाला, "काका, जरा बर्फ मिळेल का? पाय मुरगळलाय."

दोन मिनिटांत भाऊराव दारात हजर. एका हातात बर्फाचा ट्रे, दुसऱ्या हातात तेलाची बाटली, काखेत पांढरी इलॅस्टिकची पट्टी. "बस," ते म्हणाले. "कुठला?"

"डावा," हर्षद म्हणाला. काहीतरी सांगायला हवं होतं. "काका, पण एवढं काही नाही, बर्फ ठेवा, मी लावतो नंतर."

"लचक अशी अंगावर काढायची नसते. तालमीत मी किती जणांचे पाय बसवलेत. बस म्हणतो ना."

दत्ताराम मदतीला येतील म्हणून हर्षदने स्वयंपाकघराकडे पाहिलं. दत्ताराम जिनची बाटली पिठाच्या डब्यात उभी करण्यात गुंतले होते.

भाऊरावांनी ट्रेमधला सगळा बर्फ टॉवेलात गुंडाळून पायावर ठेवला. हर्षद त्या बर्फाकडे असा बघत होता, जसं कुणी स्टेशनवरून सुटलेल्या शेवटच्या गाडीकडे बघतं. मग भाऊरावांनी तेल चोळलं, टाच एका हातात धरली, चवडा दुसऱ्या हातात, आणि म्हणाले, "खोल श्वास घे." हर्षदने श्वास घेतला. त्यांनी एक झटका दिला. हर्षदची किंकाळी समोरच्या बिल्डिंगमध्ये ऐकू गेली असेल.

"बघ, बसला," भाऊराव समाधानाने म्हणाले आणि पट्टी गुंडाळू लागले.

तेवढ्यात बेल वाजली.

ती ठरल्यापेक्षा लवकर आली होती. हर्षद ताडकन उठला, चार ढांगांत दारापाशी गेला, कडी काढली, आणि मग त्याला आठवलं की मागे भाऊराव बसलेत. तो लगेच लंगडू लागला.

दारात मधुवंती उभी होती. निळा कुर्ता, खांद्याला मोठी कापडी पिशवी. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं, मागे तेलाची बाटली घेऊन बसलेल्या भाऊरावांकडे पाहिलं, ओल्या टॉवेलाकडे पाहिलं.

"काय झालं?"

"मुरगळला. जरासा. या ना."

तो तिला आत घेऊन आला, एकेक पाऊल मोजून टाकत. मधुवंती दोन पावलं मागे राहून त्याची चाल बघत होती. दिवसभर लोकांची चालच बघायचं तिचं काम.

"थांब," ती म्हणाली. आतापर्यंत ती त्याला अहो-जाहो करायची. "पट्टी डाव्या पायाला आहे."

"हो."

"आणि लंगडतोयस उजव्या पायाने."

स्वयंपाकघरात तव्यावर सुरमई चुरचुरत होती, तिचा आवाज तेवढा आला. हर्षदने खाली बघितलं, दोन्ही पायांकडे, जणू त्यातला कुठलातरी एक बाजू घेईल.

त्याच्या डोक्यात आणखी एक थाप तयार झाली होती. दोन्ही मुरगळले, म्हणून सांगावं. पण समोर ती उभी होती, डोळे बारीक करून, हसू दाबत. आणि पलीकडे भाऊराव तेलकट हात टॉवेलाला पुसत होते. त्याला स्वतःचाच कंटाळा आला.

"माझे दोन्ही पाय ठीक आहेत," तो म्हणाला. "म्हणजे डावा ठीक होता, काकांनी बसवेपर्यंत. मला बर्फ हवा होता. आमच्या बर्फाला माशाचा वास येतो. कॉकटेलसाठी बर्फ हवाय असं काकांना सांगायला लाज वाटली. आणि कॉकटेल मला येतच नाही. कधीच बनवलं नाही. तुम्ही त्या दिवशी गोव्याचं बोललात आणि मी उगाच बोलून गेलो. आज सकाळी व्हिडिओ बघितला. मोसंबीचा रस कडू झालाय. आता तुम्ही जायचं म्हणालात तर रिक्षा बघून देतो."

मधुवंती खुर्चीत बसली आणि हसू लागली. पोट धरून, डोळे पुसत. "म्हणजे यांनी," ती भाऊरावांकडे बोट दाखवून म्हणाली, "चांगला पाय बसवला?"

भाऊराव मात्र हसले नव्हते. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. दत्ताराम तव्यासमोर पाठ करून उभे होते, आणि सुरमईचा तुकडा गरज नसताना उलटत होते.

"दत्ता."

"हां."

"बाटली कुठे आहे?"

"पिठात."

"आणि दर रविवारची? मिक्सरच्या मागची?"

दत्तारामांनी गॅस बारीक केला. "तुला माहीत होतं?"

"तू भरदुपारी वेलची खाणारा माणूस आहेस का रे?" भाऊराव म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "आमचा धाकटा सगळं लपवून प्यायचा. मोरीत, गच्चीवर, डेपोच्या मागे. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यामुळे मला लपवलेलं दिसलं ना, की तोच डोळ्यांसमोर येतो. तू माझ्यासमोर बसून एक ग्लास प्यायलास तर मला काही होत नाही. मी बघतो तरी, की एकच आहे."

दत्तारामांनी गॅस बंद केला. त्यांनी पिठाचा डबा उघडला, पांढरी झालेली बाटली बाहेर काढली, पंच्याने पुसली आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर सगळ्यांसमोर ठेवली. मग परत जाऊन मिक्सरच्या मागचा ग्लासही आणला. ग्लास रिकामाच होता, पण तोही शेजारी ठेवला.

"आता बर्फ," भाऊराव म्हणाले. "हा तर पायाला लावून झाला. वर अजून एक ट्रे आहे. जा, काकूकडून घेऊन ये. धावत जा. पाय बसवलाय तुझा."

हर्षद पट्टीसकट जिना चढला. भाऊरावांच्या पत्नी, द्रौपदीकाकू, दारात आल्या आणि त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अरे, तुझा पाय ना?"

"पाय ठीकच होता, काकू. बर्फ दारूत घालायला हवा होता."

"मग तसं सांगायचं ना रे मेल्या. मी हळद गरम करत होते." त्यांनी ट्रे काढून दिला आणि आवाज खाली आणून विचारलं, "ती आली का?"

"कोण ती?"

"तुझे बाबा सकाळीच सांगून गेले. खांदेवाली."

खाली आल्यावर मोसंबीचा प्रश्न उरला होता. हर्षद पिशवी घेऊन निघणार तोच मधुवंतीने आपली कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. डझनभर मोसंब्या घरंगळल्या. "पेशंटच्या घरी जायचं तर काय न्यायचं, हेच सुचलं," ती म्हणाली. "आईने दिल्या. म्हणाली, रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

मग काम वाटून घेतलं गेलं. भाऊरावांनी मोसंब्या आडव्या कापून घेतल्या आणि पिळायला सुरुवात केली. त्यांच्या मुठीत मोसंबी गेली की सालच काय ती बाहेर यायची. "सगळा जोर लावून पिळू नका काका, सालीचा कडूपणा उतरेल," मधुवंती म्हणाली, तेव्हा त्यांनी तालमीतल्या सवयीने मान डोलावली आणि हात आवरला. हर्षदने साखर गरम पाण्यात विरघळवून पाक केला. लिंबू मधुवंतीने पिळलं, बिया बोटांत अडवत. खोकल्याच्या औषधाचं झाकण तिने उचलून पाहिलं आणि न विचारता बाजूला ठेवलं. "जिन नंतर ग्लासात अंदाजाने घाल," ती म्हणाली.

"किती?"

"कमी वाटली तर अजून घालू. जास्त झाली तर काय, काढता येणार नाही."

डबा हलवायला दत्ताराम पुढे आले. "माझा खांदा बघायला आली आहे ना ती? मग बघू दे." त्यांनी डबा दोन्ही हातांनी धरला, डोक्याच्या वर नेला आणि असा हलवला की आतला बर्फ खडखडू लागला आणि झाकणाच्या कडेने मोसंबीचे थेंब भिंतीवर उडाले. मधुवंती टाळ्या वाजवत म्हणाली, "हात पूर्ण वर जातोय काका! महिन्याभरापूर्वी कंगवा धरता येत नव्हता."

पहिला ग्लास जिनशिवाय भरला. तो भाऊरावांचा. वर सोडा, मीठ, मोसंबीची एक चकती. घरातला सगळ्यात चांगला, नक्षीचा ग्लास दत्तारामांनी त्यांच्यासाठी काढला होता. मग द्रौपदीकाकूंचा भरला, कारण त्या "बघून जाते" म्हणत खाली आल्या होत्या आणि आता खुर्ची ओढून मधुवंतीच्या शेजारी बसल्या होत्या. नंतर जिन घालून तीन.

हर्षदने मधुवंतीच्या हातात ग्लास दिला आणि स्वतःचा तसाच धरून थांबला. तिने घोट घेतला. थंडगार, आधी गोडसर, मग लिंबाची चुणचुण, शेवटी मिठाचा अगदी बारीक स्पर्श. बाहेर उकडत होतं, पंख्याचा वारासुद्धा गरम लागत होता, आणि तो घोट घशातून सरळ छातीपर्यंत गार उतरला.

"गोव्यासारखं नाही," ती म्हणाली.

हर्षदचा चेहरा पडला.

"ते जास्त गोड होतं," ती म्हणाली आणि दुसरा घोट घेतला. "हे मला आवडलं."

दत्तारामांनीही संशयाने चाखून बघितलं. "लिंबू बरं लागतंय," ते म्हणाले, आणि जाहीर केलं की हे सरबत आहे, दारू नाही, त्यामुळे ते याला पेगात धरणार नाहीत. "धरायचं, दत्ता," भाऊराव लगेच म्हणाले. "मी बघतोय. हा एक झाला."

सुरमई आली, कुरकुरीत, रव्यातली. द्रौपदीकाकूंनी मधुवंतीला घर कुठे, भाऊ किती, मुलुंडला पाणी येतं का, सगळं विचारून घेतलं. मधुवंतीनेही उत्तरं देता देता काकूंचा गुडघा दाबून बघितला आणि जिना चढताना कुठे कळ येते ते विचारलं. हर्षद फार बोलला नाही. पण जे बोलला ते सगळं खरं बोलला, आणि त्याचं त्यालाच ते नवल वाटत होतं. तिने विचारलं, "स्वयंपाक येतो?" तो म्हणाला, "मॅगी. आणि आता हे." तिने विचारलं, "नाचता येतं?" तो म्हणाला, "गणपतीत. गर्दी असेल तर."

दिवे लागायच्या वेळी ती निघाली. हर्षद तिला रिक्षापर्यंत सोडायला खाली उतरला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण खरंच लंगडतोय, डाव्या पायाने. भाऊरावांचा झटका आता जाणवत होता.

"बर्फ लाव," ती म्हणाली. "खऱ्या पायाला."

"लावतो."

रिक्षा थांबली. आत बसण्याआधी ती जरा घुटमळली. "ऐक. मला पण एक सांगायचंय. मघाशी बाल्कनीत तुझे बाबा विचारत होते, घावणे येतात का. मी म्हटलं, फार छान येतात. पुढच्या रविवारी मुलुंडला येऊन खा, असंही म्हटलं. ते हो म्हणालेत. सगळ्यांच्या वतीने."

"मग येतो ना."

"मला घावणे येत नाहीत, हर्षद. मी कधी तवासुद्धा नीट तापवला नाही."

तो इतक्या जोरात हसला की रिक्षावाला मागे वळून बघू लागला. "मग आता काय करणार?"

"व्हिडिओ बघणार. तू लवकर ये, चारला. बाबांना सहाला बोलाव."

पुढच्या रविवारी तो पावणेचारलाच मुलुंडला पोचला. पहिला घावणा तव्याला चिकटला, दुसरा फाटला, तिसऱ्याचा भुगा झाला. चौथा निघाला, पण जाड, भाकरीसारखा. मधुवंतीची आई दारात उभी राहून दोघांकडे बघत होती आणि मान हलवत परत आत जात होती. पिठाने हर्षदची दाढी पांढरी झाली होती. सहा वाजता दत्ताराम आले, टेबलाशी बसले, ताटातला जाड घावणा उचलून उजेडात धरून बघितला, आणि मग मधुवंतीकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाले, "फार छान आहेत गं. चटणी दे."